रात्री तीनला जागं होणारं घर

पत्र : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी मुंबईला दाखवलं तेव्हा ऑटिझम सांगितला. दहा-बारा शब्द बोलतो. रात्री साडेबाराशिवाय झोपत नाही, तेही मी मोबाईल हातात दिला आणि शेजारी पडून राहिले तर. तीनच्या सुमाराला उठतो, हसतो, गादीवर उड्या मारतो, घरभर फिरतो. सहाला परत झोपतो तो दहापर्यंत, त्यामुळे शाळा बुडते. मिस्टर हर्णैच्या बोटीवर आहेत, भरतीप्रमाणे कधी दोनला निघतात, कधी चारला. सासूबाई म्हणतात नजर लागली, जायफळ उगाळून दे. शेजारणी म्हणतात लाडावून ठेवलाय. मागच्या आठवड्यात मागच्या दाराची कडी काढून बाहेर गेला, विहिरीजवळ सापडला. दोन वर्षांत मी सलग चार तास झोपलेली नाही. त्याला झोपेचं औषध द्यावं का? माझं काही चुकतंय का?
— एक आई, दापोली तालुका

ताई,

आधी विहीर. बाकी सगळं नंतर.

ते वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटाकडे जाता जाता लिहिलंय. थकलेल्या माणसाला सगळ्याच गोष्टी सारख्या वाटायला लागतात, म्हणून तसं झालं असेल. पण पत्र वाचताना माझा हात तिथेच थांबला. ऑटिझम असलेली बरीच मुलं कुणाला न सांगता घराबाहेर पडतात, अनेकांना पाण्याची ओढ असते, आणि अशा मुलांच्या अपघाती मृत्यूंमध्ये बुडणं हे मोठं कारण आहे. आपल्याकडे मागच्या दारी विहीर, पुढे पऱ्या म्हणजे ओहोळ, त्याच्यापुढे खाडी नाहीतर समुद्र. तेव्हा आज दिवेलागणीच्या आत मागच्या आणि पुढच्या दाराला वरच्या अंगाला, त्याचा हात पोचणार नाही अशी कडी लावून घ्या. कुलूप नको. रात्री काही झालं तर मोठ्या माणसाला अंधारातही दार चटकन उघडता आलं पाहिजे. दोन्ही दारांना गुरांच्या गळ्यातली घंटा बांधा, गोठ्यात एखादी जुनी पडलेली असेलच. विहिरीवर वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी जाळी करून घ्या, तिला कुलूप चालेल. जाळी येईपर्यंत विहिरीवर झावळ्या किंवा फळ्या टाकून तोंड झाकू नका. त्यावर पाय पडला तर उघड्या विहिरीपेक्षा जास्त धोका. आणि वाडीत सगळ्यांना सांगून ठेवा, लाजू नका : हा कधीही एकटा दिसला तर ओरडू नका, हात धरून घरी आणा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. नाही, तुमचं काही चुकत नाहीये. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांना झोपेचा त्रास असतो. वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये हा आकडा ५० ते ८० टक्क्यांपर्यंत जातो. अंधार पडला की मेंदूतली एक छोटी ग्रंथी मेलॅटोनिन नावाचं संप्रेरक सोडते, त्यावरून शरीराला रात्र झाल्याचं कळतं. यातल्या काही मुलांमध्ये हे संप्रेरक कमी किंवा अवेळी तयार होतं असं दिसून आलंय. शिवाय घर निजलंय, आता आपणही निजायचं, ही खूण बाकीची मुलं आपोआप उचलतात, ती यांच्यापर्यंत तशी पोचत नाही. त्यामुळे लाडावून ठेवलाय म्हणणाऱ्या शेजारणींना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. तेवढी शक्ती वाचवा, ती लागणार आहे.

मी डॉक्टर नाही. माझा मुलगा आता बावीस वर्षांचा आहे, आणि गेली बारा-तेरा वर्षं मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशा घरांमध्ये जाऊन बसते, एवढाच माझा अधिकार. तो सात वर्षांचा होता तेव्हा रात्रभर पाय झाडायचा, गादीवरून उठून भिंतीला पाय टेकवून पडायचा. एका डॉक्टरांनी घरात शिस्त नाही म्हणून आम्हाला परत पाठवलं. मी वर्षभर शिस्त लावत बसले आणि रोज रात्री रडले. मग दुसऱ्या डॉक्टरांनी रक्तातलं फेरिटिन तपासलं. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. तो पार तळाला गेलेला. लोह कमी असलं की पायांत रात्री शिरशिरी येते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, आणि बोलता न येणारं मूल ते सांगणार कसं? काही महिने लोहाचं औषध घेतल्यावर पाय झाडणं खूप कमी झालं. ते वर्ष मला अजून परत हवंसं वाटतं.

म्हणून तुमच्या बाबूबद्दल (इथे त्याला बाबूच म्हणते) पहिलं काम औषधाचं नाही आणि शिस्तीचंही नाही. झोपेच्या आड काय येतंय ते शोधायचं आहे. तो काय खातो ते तुम्ही लिहिलं नाहीये. पण अशी बरीच मुलं पांढरा भात, दूध, चहा-बिस्कीट यावरच असतात, मासळीच्या घरात राहून मासा तोंडाला लावत नाहीत. तसं असेल तर डॉक्टरांना फेरिटिनची तपासणी आवर्जून करायला सांगा, नुसतं हिमोग्लोबिन पुरत नाही. तपासणीशिवाय लोहाचं सिरप मात्र आणू नका. तो घोरतो का, तोंड उघडं ठेवून झोपतो का? मग टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी बघायला हव्यात. शौचाला कधी होतं? चार-चार दिवस पोट साफ नसेल तर कुठलंही मूल रात्री उठेल. जंत असतील तर रात्रीच खाज सुटते. दात, कान, घामोळं, जळजळ यांतलं काहीही दुखत असलं तरी त्याला ते उडी मारूनच दाखवता येणार. आणि एक गोष्ट नीट बघा : रात्री उठतो तेव्हा अंग ताठ होतं का, एकाच बाजूला झटके येतात का, डोळे एकाच जागी खिळून राहतात का, लाळ गळते का, अंथरूण ओलं होतं का. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असतं आणि काहींना त्या झोपेतच येतात. शंका आली तर मोबाईलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ कितीतरी जास्त सांगतो. त्या मोबाईलचा रात्रीचा तेवढाच उपयोग राहू दे.

हे दाखवायला प्रत्येक वेळी मुंबई गाठायची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतात आणि पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. अंगणवाडीताईंना किंवा शाळेत विचारा, पथक कधी येणार आहे.

दवाखान्यात जायच्या आधी पंधरा दिवस लिहून काढा. वेगळी वही नको. भिंतीवर कॅलेंडर आहे ना, त्याच्या चौकटीत चार गोष्टी : कधी झोपला, कधी उठला, उठल्यावर काय केलं, आणि दुपारी झोपला होता का. तुमच्या घरासाठी पाचवी गोष्टही लिहायला सांगते : मिस्टर किती वाजता निघाले. तुमच्या पत्रात तो तीनला उठतो आणि बाबा दोन ते चारमध्ये निघतात, या दोन गोष्टी शेजारी शेजारीच आहेत. कदाचित काही संबंध नसेल. पण दाराची कडी, न्हाणीघरातला दिवा, चहाच्या भांड्याचा आवाज, यातलं काही त्याला जागं करत असेल तर ते पंधरा दिवसांत कॅलेंडरवर दिसेल, आणि त्यावरचा उपाय औषधात नाही. मिस्टरांनी निघायच्या रात्री ओटीवर झोपावं, कपडे, डबा, टॉर्च रात्रीच बाहेर काढून ठेवावेत, ट्यूबलाईट लावू नये, चहा बंदरावर घ्यावा. माझ्या ओळखीच्या एका घरात एवढ्यानंच आठवड्यातल्या तीन रात्री सुटल्या.

आणि तुमच्याकडे एक संधी चालून येतेय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. दोन महिने मिस्टर रात्री घरात. झोपेची घडी बदलायची तर ती याच काळात. एकट्या बाईनं हे करायला घेऊ नये, पहिल्या आठवड्यातच मोडून पडाल. मेमध्ये लिहून काढा, डॉक्टरांना दाखवा, आणि जूनमध्ये दोघांनी मिळून सुरुवात करा. नारळी पौर्णिमेपर्यंत काहीतरी रुळलेलं असेल.

सुरुवात कशी, तर उलटी. सगळे सांगतात, लवकर निजवा. समजा तुम्ही नऊला निजवायला घेतलंत, तर साडेबारापर्यंत झटापट. म्हणजे रोज साडेतीन तास त्याचं शरीर शिकतं की अंथरूण ही झटापटीची जागा आहे. त्याऐवजी पहिले काही दिवस त्याला साडेबारालाच अंथरुणावर न्या, झोप डोळ्यांवर आलेली असताना. पंधरा-वीस मिनिटांत झोपायला लागला की सव्वाबारा करा. दोन-तीन रात्री ते जमलं की बारा. असं पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे यायचं. पण याच्या जोडीला सकाळचं उठणं पक्कं हवं, आणि ते जास्त कठीण आहे. रात्र कशीही गेली तरी सातला उठवायचं. पहाटे सहाला झोपून दहाला उठतो ना, ते चार तासच पुढच्या रात्रीची झोप खातात. उठला की बाहेर उजेडात आणा, पुळणीवर अर्धा तास चालवा. मिस्टर घरी आहेत तोवर हे त्यांचं काम. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ लावतो. त्या वयाच्या मुलांना दिवसाच्या चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते. बाबूला नऊच पुरत असतील, तर बाराचा हट्ट धरू नका.

संध्याकाळी काय करायचं ते आपल्या घरात आधीच आहे, फक्त त्याला दिसेल असं करायचं. दिवेलागण, तुळशीपुढे दिवा, शुभं करोति, जेवण, कोमट पाण्यानं अंघोळ, अंगाला खोबरेल, दिवा मंद, अंथरूण. रोज हाच क्रम, एकाही गोष्टीची अदलाबदल नाही. बोलणं कमी समजतं अशा मुलाला चित्र समजतं. तुमच्याच तुळशीचा, त्याच्याच ताटाचा, त्याच्याच गादीचा फोटो काढा, छापून ओळीनं भिंतीला चिकटवा. एकेक झालं की त्यानं ते काढून डब्यात टाकायचं. रेडीमेड कार्डं विकत मिळतात, पण परक्या घरातली परकी गादी बघून त्याला काय कळणार?

मोबाईल झोपेच्या तासभर आधी बंद. हे लिहायला सोपं आहे, तुम्हाला ते किती जड जाणार हे मला माहीत आहे, कारण त्या मोबाईलवरच तुमचा स्वयंपाक होतो. उजेड डोळ्यांवर पडला की मेलॅटोनिन लांबतं, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे तो मोबाईल हातात धरून झोपतो. कुठलंही मूल रात्री दोन-तीनदा अर्धवट जागं होतं, कूस बदलतं आणि झोपतं. पण झोपताना जे जवळ होतं ते जागं झाल्यावर नसलं की ते पुरतं जागं होऊन शोधायला लागतं. तीनला बाबू बहुधा तेच शोधत असतो. म्हणून झोपताना त्याच्याजवळ जे असेल ते रात्रभर राहील असंच असू द्या : गोधडी, मऊ साडीचा तुकडा, पंख्याचा आवाज. तुम्ही शेजारी झोपू नका असं मी म्हणणार नाही. परदेशी पुस्तकं वेगळ्या खोलीचा आग्रह धरतात, पण आपल्या माजघरात सगळे ओळीनं झोपतात आणि त्यात काही वाईट नाही. फक्त हात त्याच्या डोक्याखाली नको. आठवडाभर हात पाठीवर, पुढचा आठवडा नुसता शेजारी, मग एक हात अंतरावर.

रात्री उठला तर दिवा नाही, मोबाईल नाही, बिस्कीट नाही, रागही नाही. "रात्र आहे. झोप." एवढे तीनच शब्द, तेही हळू आवाजात, आणि हात धरून परत अंथरुणावर. पन्नास वेळा करावं लागेल. पहिल्या चार-पाच रात्री तो आधीपेक्षा जास्त ओरडेल, कारण जे रोज मिळायचं ते का मिळत नाही हे त्याला कळत नाही. सगळी घरं नेमकी तिसऱ्या रात्री हरतात आणि मोबाईल देतात. मग मूल शिकतं की तीन रात्री ओरडलं की मिळतं. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर माया करून त्याच रात्री बिस्कीट देतील.

आता जूनचीच अडचण. पत्र्यावरचा पाऊस, बेडूक, विजा, आणि लाईट जाणं. लाईट गेली की पंखा थांबतो, आणि ज्या आवाजात मूल झोपलं तो आवाजच जातो. बॅटरीवर चालणारा छोटा पंखा मिळतो, घराघरात हल्ली असतोही. तो पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, लाईट गेल्यावर नव्हे. पावसाळ्यात दुसरी गोष्ट कपड्यांची. गोधड्या वाळत नाहीत, कुबट वास येतो, चुलीवरच्या दांडीवर वाळवले तर धुराचा वास. आपल्याला चालून जातं. या मुलांच्या कातडीला आणि नाकाला ते रात्रभर टोचत राहतं. त्याच्यासाठी एक चादर आणि एक कपड्यांचा जोड वेगळा ठेवा, झोपण्याआधी इस्त्री फिरवून कोरडा करून द्या. आतलं लेबल कापून टाका. मच्छरदाणी काही मुलांना फार आवडते, स्वतःची छोटी खोली मिळाल्यासारखी. काहींना गुदमरतं. लावून बघा.

वजनाची म्हणून महागडी पांघरुणं मिळतात, ती घेऊ का, असं दुसऱ्या एका आईनं विचारलं होतं. २०१४ साली इंग्लंडमध्ये ऑटिझम असलेल्या मुलांवर त्याची चाचणी झाली. मुलांना ते पांघरूण आवडलं, झोप मात्र वाढली नाही. हजारो रुपये घालवू नका. आजीची जाड गोधडी आवडत असेल तर तीच, आणि ती त्याला स्वतःची स्वतः बाजूला करता आली पाहिजे.

दुपारचा चहा बंद करा. चार वाजता चहात बुडवलेलं बिस्कीट हे आपल्याकडे प्रत्येक मुलाचं असतं, पण चहातलं कॅफिन लहान अंगात रात्रीपर्यंत राहतं. दुपारी झोपवू नका. संध्याकाळपर्यंत अंग दमेल असं काम द्या, झाडांना कळशीनं पाणी, नारळ उचलून ठेवणं. विहिरीपाशी नेऊ नका एवढंच.

जायफळाबद्दल. सासूबाईंचं प्रेम खरं आहे, आणि आपल्या बागेतलं जायफळ पिढ्यान्‌पिढ्या सहाणेवर उगाळलं गेलंय. पण त्याचं प्रमाण सहाणेवर मोजता येत नाही, जास्त गेलं तर उलट्या, छातीत धडधड, भास होतात, आणि बाबूला काय होतंय ते सांगता येणार नाही. नको. सर्दीचं गुंगी आणणारं सिरप झोपेसाठी देणं तर त्याहून नको. सासूबाईंना असं सांगा की जायफळाऐवजी रोज रात्री त्याच्या पायांना खोबरेल चोळण्याचं काम तुमचं. त्यांनाही काहीतरी करायचं आहे, आणि त्यांचा हात त्याला तुमच्यापेक्षा जास्त शांत करेल अशी शक्यता आहे. दृष्ट काढायची तर काढू द्या, फक्त दिवेलागणीला. झोपायच्या वेळी मिरच्या-मोहरीच्या ठसक्यानं घर भरलं तर अख्खी रात्र जाईल.

औषधाचं उत्तर : लगेच नाही, पण कधीच नाही असंही नाही. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० साली याबद्दल मार्गदर्शन दिलंय. आधी अंगावरचे आजार बघा, मग सवयींचे उपाय करा, त्यानं भागलं नाही तर मेलॅटोनिन कमी मात्रेनं सुरू करता येतं, झोपेच्या अर्धा ते एक तास आधी. त्यामुळे झोप लवकर लागायला मदत होते, मधेच जागं होणं त्यानं तितकं थांबत नाही. म्हणजे बाबूच्या साडेबाराला त्याचा उपयोग होऊ शकेल, तीनला कमी. मात्रा बालरोगतज्ज्ञांनी किंवा मेंदूविकारतज्ज्ञांनीच ठरवायची. ऑनलाईन मागवू नका. २०१७ साली कॅनडातल्या संशोधकांनी ३१ मेलॅटोनिन उत्पादनं तपासली, बहुतेकांमध्ये डब्यावर लिहिलेल्यापेक्षा कमी नाहीतर कितीतरी जास्त औषध निघालं. आणि डॉक्टरांनी सुचवलं तर औषध देताना अपराधी वाटून घेऊ नका. आईचे दोन शहाणे तास त्या गोळीमुळे परत आले तर ते बाबूच्याच उपयोगाचे.

तुमच्या झोपेबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, म्हणून मी जरा जास्त लिहिते. रात्र वाटून घ्या. जून-जुलैत दोनपर्यंत मिस्टर, दोननंतर तुम्ही, किंवा एक रात्र त्यांची आणि एक तुमची. ज्याची पाळी नाही त्यानं दुसऱ्या खोलीत, कानात कापूस घालून झोपायचं आणि आवाज आला तरी उठायचं नाही. हे शेवटचं आयांना जमत नाही, मलाही जमलं नव्हतं, तरी करा. ऑगस्टनंतर बोटी सुटल्या की आठवड्यातून दोन रात्री सासूबाईंकडे किंवा माहेरच्या कुणाकडे मागा. मनात भलतेसलते विचार येत असतील, सगळं सोडून निघून जावंसं वाटत असेल, तर टेली मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोला. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.

गणपतीत घडी मोडणार. मुंबईचे पाहुणे, आरत्या, रात्रीची भजनं, ढोल. मोडू दे, सण त्याचाही आहे. फक्त एक खोली पाहुण्यांपासून वेगळी ठेवा, आरती झाली की बाबू तिथे, आणि पाहुण्यांना फोनवर आधीच सांगा म्हणजे दारात समजवावं लागणार नाही. गौरी-गणपती गेले की परत पंधरा-पंधरा मिनिटांनी मागे या. शिमग्यालाही असंच होईल.

आठवड्यातल्या सहा वाईट रात्रींच्या तीन झाल्या तर त्याला यश म्हणा. माझा मुलगा अजूनही सहाच तास झोपतो. पण आता उठला की स्वतःच्या गादीवर बसून खिडकीतून बाहेर बघतो, आणि मी झोपलेली असते.

कॅलेंडरच्या पंधरा चौकटी भरल्या की फोटो पाठवा, मी बघते. त्याआधी, जमलं तर उद्याच, दाराला घंटा बसली का तेवढं कळवा.